बबनच्या विमानाची चौथी पिन

पस्तीस वर्षं मी कळंबला हायवेच्या कडेला वर्कशॉप चालवलं. डिझेल इंजिनं, पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, कडबाकुट्टी, टेम्पो, मोटारसायकली. जे फिरतं आणि फिरता फिरता थांबतं ते सगळं माझ्याकडे यायचं. विहिरीत बुडालेलं इंजिन वर काढून चौथ्या दिवशी चालू करून दिलेला माणूस आहे मी. पण आजही कोणी नवा पाहुणा भेटला आणि मी मेकॅनिक होतो असं त्याला कळलं, की तो हमखास विचारतो, "मंग ते बेल्ह्याचं इमान तुमीच बघायचा का वो?"

"नाही, ते बबन बघायचा," असं सांगताना माझ्या तोंडाची चव जाते. अजून जाते.

बबनची आणि माझी ओळख जुन्नरची. बाजारपेठेतल्या एका बोळात तात्या मिस्त्रींचं दुकान होतं, तिथे आम्ही दोघं एकाच वर्षी शिकायला लागलो. बबन बेल्ह्याचा. त्याच्या घरी मेंढरं होती आणि वाड्यात शंभर कोकरं ओरडत असली तरी कुठलं आपल्या आईला हाक मारतंय हे तो न बघता सांगायचा. तोच कान त्याने इंजिनाला लावला. मी उघडून, मोजून, गेज घालून अर्ध्या दिवसात जे शोधून काढायचो ते बबन दारातून आत येता येता सांगायचा. "दोन नंबरचा व्हॉल्व बसत न्हाई," म्हणायचा आणि चहा प्यायला जायचा. उघडून बघावं तर दोन नंबरचाच.

तात्या एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "बबन्याचा कान आन् किसन्याचा हात एकाच गड्याला असता, तर मी दुकान त्याच्या हवाली करून घरी बसलो असतो." सगळे हसले. दोघांचं कौतुक झालं असं सगळ्यांना वाटलं. मला फक्त एवढंच ऐकू आलं की बबनचं नाव आधी घेतलं.

पुढचं कळायला वाचकांना स्प्लिट पिन म्हणजे काय हे ठाऊक हवं. जिथे दोन भाग एकमेकांत सतत हलतात, तिथे नुसता नट आवळून भागत नाही. हादऱ्याने तो हळूहळू सुटत जातो. म्हणून अशा जागी माथ्यावर खाचा असलेला नट बसवतात. बोल्टाला आरपार भोक असतं. खाच आणि भोक एका रेषेत आणायचं, त्यातून केसांच्या आकड्यासारखी दुहेरी पिन घालायची आणि तिची टोकं दोन्हीकडे वाकवून टाकायची. मग नट सुटत नाही. पिन एवढीशी असते, नखावर मावेल. सर्व्हिसिंगच्या वेळी जुनी काढून टाकायची आणि नवी घालायची असते, कारण एकदा वाकवलेली पिन सरळ करून पुन्हा वाकवली की तिथेच कच्ची होते.

तात्यांकडे एकदा नारायणगावच्या मार्केटला निघालेला टोमॅटोचा टेम्पो आला. स्टिअरिंगच्या सांध्यातली पिन गायब होती. तात्यांच्या डब्यात त्या मापाची नव्हती. मालक अगदी रडकुंडीला आलेला. "तात्या, तार मारा की राव जराशी, माल नासतोय." आमच्या धंद्यात तार मारणं हे सर्रास चालतं. बायंडिंगची तार कातरायची, भोकातून ओवायची, पीळ द्यायचा आणि "पुढं गेल्यावर पिन टाकून घ्या" असं सांगायचं. पुढे गेल्यावर कोणी टाकत नाही. पण तात्या खुर्चीवरून उठले सुद्धा नाहीत. "पिन न्हाई तर गाडी उभी," एवढंच म्हणाले. बबनला सायकलवर पाठवलं, त्याने अख्खं जुन्नर पालथं घालून पिन आणली, तोवर मालक आमच्या तिघांच्या नावाने खडे फोडत होता.

हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं होतं. दोघांनी.

नंतर मी कळंबला दुकान टाकलं, बबनने बेल्ह्याला. नव्वदीचं दशक उताराला लागलं होतं तेव्हा एके दिवशी माझ्या दुकानापुढे एक जीप उभी राहिली. उतरलेले गृहस्थ सैन्यात विमानं चालवून निवृत्त झालेले होते. आम्ही त्यांना पुढे साहेबच म्हणत राहिलो. बेल्ह्याच्या पुढचा माळ त्यांनी भाड्याने घेतला होता आणि तिथे ते दोन माणसांचं छोटं विमान आणणार होते. वरून शेताचे फोटो काढायचे, हौशी लोकांना फिरवायचं, जमलं तर द्राक्षबागांवर फवारणी करून बघायची, असा बेत होता. मोठी दुरुस्ती त्यांची ते पुण्याहून करून घेणार होते. रोजची देखभाल करायला त्यांना जवळपासचा हुशार हात हवा होता.

मी त्यांना दुकान दाखवलं. माझ्याकडे प्रत्येक स्पॅनरची भिंतीवर जागा आखलेली होती. साहेब खूश दिसले. चहा प्याले. "कळवतो," म्हणाले.

तिथून ते बेल्ह्याला गेले. बबन दुकानाबाहेर बाजेवर बसलेला. जीप थांबली, साहेब उतरायच्या आत हा म्हणाला, "साहेब, तुमचा फॅन बेल्ट ढिला हाय, आन् वॉटर पंपाचं बेअरिंग चाललंय." संपलं. माझ्या भिंतीवरच्या आखलेल्या जागा गेल्या पाण्यात.

"बेल्हे माळाला जवळ पडतं ना, म्हणून," असं मी घरी सांगितलं. गिऱ्हाइकांना सांगितलं. स्वतःला तर दिवसातून चार वेळा सांगायचो.

विमान आलं आणि बबनची ऐट काय वर्णावी. खरं सांगायचं तर ऐट नव्हती, तीच तर माझी पंचाईत होती. तो तसाच राहिला, मळक्या पायजम्यात. ऐट लोकांनी केली. बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायला आलेली माणसं आधी माळावर जाऊन विमान बघून यायची आणि "बबनभाऊ, आमाला एक चक्कर मारून आणा की" म्हणायची. माझं एक पंधरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, द्राक्षवाले, फवारणीचा पंप उचलून बबनकडे घेऊन गेले. का, तर म्हणे "इमान बघतो त्याला पंप काय जड हाय?"

साहेबांचा एक नियम होता. विमानाचं काही उघडलं, जोडलं, की पुढच्या उड्डाणाला ज्याने नट आवळला त्याने शेजारी बसायचं. बबन अशा कितीतरी वेळा वर जाऊन आला. मला म्हणायचा, "किसन्या, वरनं तुझं कळंब दिसतं रं. हायवे दिसतो. तुझं दुकान काय दिसत न्हाई." तो सहज म्हणायचा. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी साहेबांनी विमानाची शेपटी सर्व्हिसिंगला उघडली. खंडेनवमीला बबनचा निरोप आला, "उघडलंय, बघायला ये." मी गेलो. जावंसं वाटत नव्हतं आणि न जाणं शक्यही नव्हतं.

आत काय असतं ते बबनने दाखवलं. समोर एक दांडा. पुढे ढकलला की विमान नाक खाली घालतं, मागे ओढला की वर करतं. दांड्यापासून एक सळई निघते आणि शेपटीच्या हलत्या पट्टीला एका बोल्टने जोडलेली असते. खाचांचा नट, त्यात स्प्लिट पिन. अशा चार जागा होत्या. मी म्हटलं, "एवढंच?" बबन हसला. "एवढंच. टेम्पोच्या स्टिअरिंगवानी."

शेडमध्ये पाट मांडला होता. खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. त्यांनाही वर्षातून एक दिवस विसावा हवा. बबनच्या पाटावर स्पॅनर, पक्कड, हातोडी, आणि मधोमध तांब्याच्या ताम्हणात चार नव्याकोऱ्या पिना. स्टीलच्या, आपल्या बाजारात मिळतात त्यापेक्षा बारीक आणि चकचकीत. साहेबांनी बाहेरून मागवलेल्या, मोजून चार. सुमनवहिनींनी, म्हणजे बबनच्या बायकोने, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट लावलं होतं.

"जोडताना घालायच्या त्या पूजेत कशाला ठेवल्यास?" मी विचारलं.

"म्हटलं, नव्या हायेत, देवापुढनं जाऊ दे," बबन म्हणाला. "उद्या सकाळी घालतो."

तो वहिनींना चहाचं सांगायला बाहेर गेला. मी पाटापुढे वाकलो, नमस्कार केला आणि उठताना एक पिन माझ्या मुठीत होती.

त्याचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. अगदी देवाशपथ. मला ती हवी होती. एवढ्या मोठ्या विमानातलं नखाएवढं काहीतरी माझ्याही पाटावर हवं होतं. मेकॅनिक आहे मी, पिन नसली की काय होतं हे कोणाला शिकवायला नको. पण मी मनाशी म्हटलं, साहेबांकडे डबाभर असतील. आणि वर हेही म्हटलं, जरा धावाधाव होऊ दे की, सदान्‌कदा सगळं कसं याचंच बिनबोभाट होतं.

घरी येऊन मी ती माझ्या पूजेत मोठ्या पान्यावर ठेवली. बायकोने विचारलं, "ही काय?"

"इमानाची हाय."

"कुणाच्या इमानाची?"

मी पिनेवर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला बबनने ताम्हण उचललं तर पिना तीन. साहेब उभे, माळावर सगळा गाव जमलेला, कारण गावावरून झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस पाडायचा असं ठरलेलं. बबनने तीन जागी पिना घातल्या आणि चौथ्या जागी तार मारली. साहेबांना बोलला नाही. मग नियमाप्रमाणे शेजारी जाऊन बसला. विमान उडालं, पाकळ्या पडल्या, उतरलं. काही झालं नाही. विमान सुखरूप उतरल्याचं मला गिऱ्हाइकांकडून कळलं, आणि सुटल्यासारखं वाटलं. तारेचं पुढे कळलं.

दोन दिवसांनी शेजारच्या पीसीओवर मला फोन आला. बबन होता.

"किसन्या, तुझ्याकडं बारीक स्टीलची स्प्लिट पिन व्हईल का रं? एक कमी पडली."

"कमी कशी पडली?"

"पडली खरी. हाय का तुझ्याकडं?"

पिन माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी ती तेव्हा खिशातच घेऊन हिंडायचो. मला म्हणता आलं असतं की हो, आहे, घेऊन येतो. कुठून आली तेही सांगावं लागलं नसतं. पण त्याला माझ्याकडे काहीतरी मागावं लागतंय, ह्याचा मला इतका आनंद झाला होता की मी तो आणखी थोडा लांबवला.

"न्हाई बाबा," मी म्हणालो. "तुमच्या इमानाचं सामान आमच्यासारख्याकडं कुठलं?"

"बरं," तो म्हणाला. "पुण्याहून मागवतो."

कोजागिरी जवळ आली होती. बेल्ह्याचा बाजार होता आणि मी एका गिऱ्हाइकाची कडबाकुट्टी पोचवायला टेम्पो घेऊन गेलो होतो. दुपारी विमान वर आलं. अख्खा बाजार माना वर करून बघू लागला. व्यापारी बैलाच्या दातातला हात तसाच ठेवून बघत होते. मान वर न करणारे बाजारात दोघेच, बैल आणि मी. मी कडबाकुट्टीचे बोल्ट आवळत बसलो.

मग आवाज बदलला. इंजिन मोठं झालं, बारीक झालं, परत मोठं झालं. तेव्हा मी वर पाहिलं.

विमान नाक वर करत होतं, खाली टाकत होतं, परत वर करत होतं. लोकांना वाटलं साहेब कसरत दाखवतायत. कोणीतरी शिट्टीही मारली. मला पाहताक्षणी कळलं. पिनेऐवजी बबनने तार मारली असणार, ती तुटली होती, नट फिरत फिरत निघाला होता, बोल्ट गळला होता आणि सळई शेपटीपासून सुटली होती. साहेबांच्या हातातला दांडा आता नुसताच हलत होता. इंजिन कमी-जास्त करून ते कसंबसं नाक सावरत होते, दुसरं काही उरलंच नव्हतं. शेजारी कोण आहे ते मला एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मागून बारीक आवाज येतोय असं साहेब सकाळी म्हणाले होते आणि तो ऐकायला बबन वर गेला होता, हे नंतर समजलं.

माळापर्यंत ते पोचलं नाही. अलीकडे काढणी झालेल्या बाजरीच्या शेतात सरमाडाची, म्हणजे वाळलेल्या ताटांची, गंजी रचलेली होती. विमान तिच्यात शिरलं आणि उलटं झालं. मी धावलो. इतका मी आयुष्यात कधी धावलो नव्हतो. ती गंजी नसती तर दोघंही गेले असते.

साहेबांचा पाय मांडीत मोडला होता. बबन शुद्धीवर होता. उजवा हात विमानाच्या सांगाड्यातल्या एका नळीखाली सापडला होता. मी जॅक आणून नळी उचलली. त्याने माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "किसन्या, तार तुटली रं."

टेम्पोत घालून मंचरला नेलं, तिथून पुण्याला. अंगठा धरून तीन बोटं काढावी लागली. त्या हातात पुन्हा स्पॅनर बसला नाही.

चौकशीला बाहेरून दोन अधिकारी आले. तीन नटांत पिना आणि चौथ्या जागी सळई मोकळी, त्यामुळे शोधायला फार काही नव्हतं. बबनने बँडेज बांधलेल्या हाताने स्वतःच दाखवलं, तार इथे मारली होती. ते माझ्याकडेही आले, परिसरातला दुसरा मेकॅनिक म्हणून. तारेचं भेंडोळं दाखवून विचारलं, "अशी तार इकडे सर्रास मारतात का?"

"मारतात," मी म्हणालो.

"विमानालाही?"

"ते बबनला इचारा."

माझ्याइतका हलका माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी लिहून घेतलं आणि गेले. बबनचं नाव त्यांच्या कागदात आलं, वर्तमानपत्रात आलं. आणि लाज वाटते सांगायला, पण वर्तमानपत्र वाचताना माझी नजर त्यात माझंही नाव कुठे आहे का हे शोधत होती.

साहेबांनी बबनला दोष दिला नाही. लंगडत आले, मोडकं विमान ट्रकमध्ये घालून घेऊन गेले. दर दिवाळीला त्यांचं भेटकार्ड बबनला येतं.

बबनने दुकान बंद केलं आणि परत मेंढरं धरली. मला वाटलं होतं आता तरी माझं चित्त ठिकाणावर येईल. झालं उलटंच. लोक बिघडलेलं इंजिन टेम्पोत घालून त्याच्या वाड्यावर नेऊ लागले. तो ऐकायचा आणि सांगायचा, "नोझल गेलाय. कळंबला किसनकडं न्या, तो चांगला बसवील." मग लोक माझ्याकडे यायचे, "बबनभाऊंनी नोझल सांगितलाय," म्हणून. मी उघडून बघायचो, नोझलच असायचा. अशी कित्येक वर्षं माझं दुकान त्याच्या कानावर चाललं. तात्या असते तर म्हणाले असते, झालं बरं का दोघांचं मिळून एक.

पिन मी टाकली नाही. एका डबीत ठेवली होती. दर खंडेनवमीला काढायचो, पाटावर मोठ्या पान्यावर ठेवायचो, दसऱ्याला परत डबीत. का ते मला नीट सांगता येणार नाही. मनात एकच होतं, कधीतरी बबन येईल आणि बघेल.

अकरा वर्षांनी आला. मंचरला काही काम होतं, एसटीतून उतरून सरळ दुकानात शिरला. नेमकी खंडेनवमी. पाट मांडलेला. त्याने चपला काढल्या, वाकला, डाव्या हाताने नमस्कार केला आणि वाकलेलाच राहिला. मी हललो नाही. लपवायला वेळ होता, पण लपवली नाही.

त्याने पिन उचलली नाही. नवमीला हत्यार उचलत नाहीत, हे तेवढ्यातही तो विसरला नाही.

"आजून चकाकती रं," तो म्हणाला.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मुठीत कशी घेतली, खिशात घेऊन कसा हिंडलो, फोनवर काय म्हणालो. "तुजी बोटं माज्यामुळं गेली, बबन."

"ठावं हाय मला. चहाचं सांगाया गेलो तवा शेडात तू एकटाच व्हतास. म्हून तर फोन केला व्हता तुला."

"मंग बोलला का न्हाईस? चौकशीला का न्हाई सांगितलंस?"

बबन बाजेवर टेकला. त्याला राग आला होता. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला रागावलेला बघत होतो.

"काय सांगायचं व्हतं? तात्या काय म्हणायचं? पिन न्हाई तर गाडी उभी. पिन नव्हती, मी गाडी उभी केली न्हाई. समदा गाव बघत व्हता, मला फुलं पाडायची व्हती. इमान तुझ्या पिनंनं न्हाई पडलं किसन्या, माझ्या तारंनं पडलं. त्यात तू वाटा मागू नगंस."

"निदान ही घिऊन तरी जा."

"ठिव तुझ्याकडंच. बरी दिसती." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चहा सांग की."

चहा पिऊन तो गेला. मी पाटापुढे बसून राहिलो. विमान त्याचं होतं, आकाश त्याचं होतं, साहेब त्याचे, तात्यांच्या तोंडचं पहिलं नावही त्याचं. एक ती चूक तेवढी अकरा वर्षं मी माझी म्हणून जपली होती. तीही तो डाव्या हाताने उचलून घेऊन गेला.

चौकशीच्या कागदात माझं नाव नाही. म्हणून इथे लिहितो. हा अंक छापून आला की मी स्वतः बेल्ह्याला नेऊन बबनला देणार आहे. तो परत रागावेल, रागावू दे. पिन मी उचलली होती. मागितल्यावर नाही म्हणालो होतो. एवढं माझं आहे, आणि ते मी कोणाला देणार नाही.